दुखणे एक, दप्तरे अनेक



गोदाकाठी इतिहासावरची व्याख्याने पुष्कळ होतात. त्यांत राजे असतात, लढाया असतात, तह असतात. आज मी ज्या इतिहासाबद्दल बोलणार आहे त्यात लढाई नाही. तह मात्र आहे, आणि तो अजून पुरता झालेला नाही. कामगाराच्या प्रकृतीची काळजी वाहण्याचे काम ज्यांच्याकडे आहे अशी माणसे आपल्या समाजात एक नव्हे, पाचसहा प्रकारची आहेत. कारखान्याचा डॉक्टर, विमा योजनेचा डॉक्टर, सरकारचा फॅक्टरी इन्स्पेक्टर, कारखान्यातला सुरक्षा अधिकारी, सरकारी रुग्णालयातला डॉक्टर आणि गल्लीतला दवाखानेवाला. ही माणसे एकमेकांशी केव्हा बोलली, केव्हा गप्प बसली, आणि त्याचा परिणाम कामगाराच्या छातीवर, कानावर आणि मिळकतीवर काय झाला, हा आजचा विषय आहे.

हा विषय डॉक्टरांपुरता आहे असे कोणी समजू नये. नाशिक जिल्ह्यात हाताने काम करून पोट भरणाऱ्या माणसाला तो लागू आहे, आणि असा माणूस ज्या घरात आहे त्या प्रत्येक घराला लागू आहे. तांबटआळीतला ठोका आपल्या आजोबांनी ऐकला आहे. सिन्नरच्या विड्या, मालेगावचे माग, नाशिक रोडचे छापखाने, ओझरचा विमान कारखाना, सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहती, आणि द्राक्षबागेत पाठीवर पंप घेऊन औषध फवारणारा शेतमजूर: एवढे निरनिराळे धंदे एका जिल्ह्यात एकत्र नांदतात. प्रत्येक धंद्याचे दुखणे वेगळे, आणि ते पाहणारी माणसेही वेगळी.

प्रथम अडचण कोठे आहे ते पाहू. समजा, एखाद्या कामगाराला सहा महिन्यांपासून धाप लागते. कारखान्याच्या डॉक्टराला त्याचे काम कोणते आहे ते ठाऊक असते. पण घरी तो रात्रभर खोकतो हे ठाऊक नसते. घराजवळच्या डॉक्टराला खोकला ठाऊक असतो; पण हा मनुष्य दिवसभर कोणत्या धुळीत उभा असतो हे त्याने विचारलेले नसते. विमा दवाखान्यात त्याच्या रजेच्या दाखल्यांचा ढीग असतो. इन्स्पेक्टरच्या कचेरीत त्या खात्यातल्या धुळीची नोंद असते. तेथे काम करणाऱ्यांची छाती मात्र कोणी ऐकलेली नसते. सरकारी रुग्णालयात क्ष-किरणाचे चित्र असते आणि त्यावर बहुधा क्षयाची शंका लिहिलेली असते. यांपैकी कोणी आपल्या परीने चुकतो असे नाही. पण पाच कागद पाच ठिकाणी राहतात, आणि रोगाचे नाव त्या पाच कागदांच्या बेरजेत असते. बेरीज कोणीच करीत नाही. मग आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी गत होते: वर्षानुवर्षे औषध खोकल्याला मिळते, आणि धूळ आपल्या जागी राहते.

हे कोडे फार जुने आहे. इटलीतील मोडेना शहरी बर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाचा वैद्य होता. त्याने १७०० साली कारागिरांच्या रोगांवर एक लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध केला. वैद्याने रोग्याला जे प्रश्न विचारावेत असे प्राचीन ग्रीकांनी सांगितले होते, त्यांत त्याने आपल्या पदरचा एक प्रश्न घातला: तुझा धंदा कोणता? त्याच ग्रंथात तांबटांवर एक प्रकरण आहे. व्हेनिस शहरात तांबटांची वस्ती एकाच भागात होती. दिवसभराच्या ठोक्यांनी त्यांचे कान निकामी होत, आणि म्हातारपणी ते ठार बहिरे होत, असे त्याने नोंदविले आहे. तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेल्या नाशिककरांना हे वाचून परके वाटण्याचे कारण नाही. मात्र एक गोष्ट ध्यानात घ्यावी. एका तांबटाकडे पाहून हे ज्ञान झाले नसते. एक म्हातारा बहिरा झाला तर ते वय म्हणून सोडून देता येते. सगळी आळीच बहिरी होते हे दिसले, तेव्हा ठोका हे कारण दिसले. धंद्याचा रोग ओळखण्यासाठी एक रोगी पुरत नाही, आळी पाहावी लागते.

आळी तरी एका नजरेत मावते. पण काम देशोदेशी पसरले म्हणजे काय करावयाचे? युरोपात याचा धडा आल्प्स पर्वतातील बोगद्यांनी दिला. सेंट गॉटहार्डचा बोगदा खणला जात असताना शेकडो मजूर पांढरेफटक पडू लागले. १८८० साली तूरिन येथील पेरोंचितो या शास्त्रज्ञाने हे दुखणे आतड्यातील अंकुशकृमीचे आहे असे दाखवून दिले. बोगद्यातील ओल, उष्मा आणि उघड्यावरची घाण यांमुळे तो कृमी फैलावत होता. पुढे सिंप्लॉनचा बोगदा खणावयास घेतला तेव्हा हे ज्ञान हाताशी होते. शौचकूप, न्हाणीघरे आणि कोरडे कपडे यांची व्यवस्था आधीच केली गेली, आणि त्या रोगाने तेथे पूर्वीसारखा पाय रोवला नाही. एका बोगद्यातील मजुरांचे मरण दुसऱ्या बोगद्यातील मजुरांच्या उपयोगी पडले. कारण मध्ये कोणीतरी ते लिहून ठेविले आणि कोणीतरी ते वाचले. सिंप्लॉनचा बोगदा खुला झाला त्याच १९०६ साली मिलान शहरी निरनिराळ्या देशांचे डॉक्टर जमले, आणि धंद्याच्या रोगांचा विचार करणारे एक कायम आंतरराष्ट्रीय मंडळ तेथे स्थापन झाले. ते मंडळ आजही काम करीत आहे.

आता आपल्या प्रांताकडे वळू. मुंबईत कावसजी दावर यांनी १८५४ साली कापडगिरणीची कंपनी काढली, आणि पुढच्या वीस वर्षांत गिरण्यांची धुराडी शहरावर दिसू लागली. १८७५ साली न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमालेला आरंभ केला. त्याच साली मुंबईत गिरण्यांच्या स्थितीची चौकशी करणारा पहिला आयोग बसला. एकीकडे समाजाने आपसांत बोलावे म्हणून एक व्यासपीठ उभे राहात होते, आणि दुसरीकडे गिरणीतल्या मुलांचे व बायकांचे काय होते याची प्रथमच विचारपूस होत होती. आयोगाचे बहुमत कायद्याच्या विरुद्ध गेले. सोराबजी शापुरजी बंगाली यांनी १८७८ मध्ये आपल्या परीने विधेयकाचा मसुदा केला. आणि अखेर १८८१ साली पहिला फॅक्टरी कायदा झाला.

या कायद्यात डॉक्टराला जागा मिळाली ती कशासाठी, हे पाहण्यासारखे आहे. सात वर्षांखालच्या मुलाला कामावर घेऊ नये आणि सात ते बारा वर्षांच्या मुलाकडून नऊ तासांहून अधिक काम घेऊ नये, असा नियम होता. तेव्हा मुलाचे वय किती हे ठरविण्यासाठी दाखला देणारा सर्जन हवा होता. म्हणजे आपल्याकडे डॉक्टर कारखान्याच्या दारात प्रथम उभा राहिला तो मुलाचे दात पाहून वय सांगण्यासाठी. रोग पाहणे त्याच्याकडे नव्हते. वयाचा दाखला लिहिला की त्याचे काम संपले. पुढील कित्येक दशके कारखाना आणि वैद्यक यांचे नाते या दाखल्यापलीकडे फारसे गेले नाही, आणि त्या सवयीचे ओझे आपण आजही वाहतो.

जे डॉक्टरांनी सांगितले नाही ते नारायण मेघाजी लोखंडे यांनी सांगितले. लोखंडे हे वैद्य नव्हेत. गिरणीत भांडारपालाचे काम त्यांनी केले होते, आणि 'दीनबंधु' पत्र ते चालवीत होते. १८८४ च्या सप्टेंबर महिन्यात त्यांनी मुंबईत गिरणीकामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज सरकारने नेमलेल्या आयोगापुढे ठेविला. आठवड्याची सुट्टी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार या मागण्या आपण ऐकलेल्या असतात. त्याच अर्जात आणखी एक मागणी होती: काम करताना जखमी झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पगार मिळावा, आणि तो कायमचा अपंग झाल्यास त्याच्या निर्वाहाची सोय व्हावी. रविवारची सुट्टी गिरणीमालकांनी १८९० साली कबूल केली. अपघाताच्या भरपाईचा कायदा मात्र १९२३ साली आला. अर्ज आणि कायदा यांत एकोणचाळीस वर्षे गेली. ज्याचे जळते त्याला कळते हे खरे. पण ज्याला कळले त्याचा कागद कोणाच्या मेजावर जावा आणि त्याला उत्तर कोणी द्यावे, याची सोय त्या काळात नव्हती.

ही सोय झाली म्हणजे काय घडते याचे एक उत्तम उदाहरण आपल्याच प्रांतात आहे, आणि ते जितके प्रसिद्ध असावयास हवे तितके नाही. मुंबई सरकारने कामगारविषयक माहिती गोळा करण्यासाठी एक कचेरी उघडली आणि १९२१ च्या सप्टेंबरपासून 'लेबर गॅझेट' हे मासिक सुरू केले. सुमारास डॉक्टर बार्न्स या बाईंनी सरकारसाठी मुंबईच्या कामकरी स्त्रियांच्या बाळंतपणाची चौकशी केली. त्या चाळींतून हिंडल्या. आई गिरणीत जाते तेव्हा तान्ह्या मुलाला अफूची गोळी देऊन निजविण्याची चाल त्यांनी नोंदविली, आणि बाळंतपणाच्या आधी व नंतर भरपगारी विश्रांती मिळाली पाहिजे हे स्पष्ट केले. त्यांचा अहवाल १९२२ साली त्या मासिकात छापून आला. सरकारी फडताळात तो पडून राहिला असता तर डॉक्टरांची चौकशी डॉक्टरांपाशीच राहिली असती. पण तो छापला गेला म्हणून कामगारांच्या पुढाऱ्यांच्या हाती पडला. ना. म. जोशी यांनी १९२४ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात यासंबंधी विधेयक आणले. ते नामंजूर झाले. मग मुंबईच्या कायदे कौन्सिलात आसवले यांनी विधेयक मांडले, आणि २८ जुलै १९२८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच्या बाजूने भाषण केले. १९२९ साली मुंबईचा प्रसूती-लाभ कायदा संमत झाला. हिंदुस्थानात त्या प्रकारचा तो पहिला कायदा. चाळीत हिंडणारी डॉक्टरीण, मासिक छापणारा अधिकारी, कामगारांचा प्रतिनिधी आणि कायदेपंडित, अशी चार निराळ्या पेशांची माणसे. त्यांचे सर्व बाबतींत एकमत होते असे नव्हे. परंतु एकाचा कागद दुसऱ्यापर्यंत पोचला आणि दुसऱ्याने तो पुढे नेला. लोखंडे यांच्या मागणीला एकोणचाळीस वर्षे लागली, येथे काम सात वर्षांत झाले.

याच सुमारास इंग्लंडमध्ये काय व्यवस्था होती तेही पाहावयास हवे, कारण आपला पुढचा कायदा त्या धर्तीवर बेतलेला आहे. १८९५ च्या कायद्याने तेथील प्रत्येक डॉक्टरावर असे बंधन घातले, की शिसे, स्फुरद किंवा सोमल यांची बाधा अथवा अँथ्रॅक्स झालेला कामगार दिसला तर त्याने मुख्य फॅक्टरी इन्स्पेक्टरला कळवावे. १८९८ साली टॉमस लेग्ग यांना पहिले वैद्यकीय इन्स्पेक्टर नेमले. डॉक्टरांची पत्रे त्यांच्याकडे येऊ लागली, आणि पत्र आले की ते त्या कारखान्यात जाऊन रोगी कोठे उभा होता ते पाहू लागले. १९०० साली शिसेबाधेच्या हजारांवर नोंदी झाल्या. पहिल्या महायुद्धाच्या आधी तो आकडा सुमारे निम्म्यावर आला. पत्र पाठविणे हे औषध नव्हे. पण पत्राला उत्तर मिळते, आणि उत्तर म्हणून धुरावर पंखा बसतो, हे दिसले म्हणजे डॉक्टर दुसरे पत्र लिहितो. हा विश्वास कोणत्याही कलमाने निर्माण होत नाही. तो उत्तराने निर्माण होतो.

आपल्याकडे स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर या सर्व धाग्यांना एकत्र आणण्याचा जो मोठा प्रयत्न झाला, त्याचे धुरीण नाशिकचे सुपुत्र होते. सर जोसेफ भोर यांचा जन्म १८७८ साली नाशिकला झाला. १९४३ मध्ये त्यांच्या अध्यक्षतेखाली आरोग्य पाहणी समिती नेमली गेली आणि १९४६ साली तिचा अहवाल आला. रोग बरा करणे आणि रोग होऊ न देणे ही दोन खाती वेगळी ठेवू नयेत, ती एकाच सेवेत गुंफावीत, हे त्या अहवालाचे मुख्य सूत्र आहे. कारखान्यातील आरोग्य हा त्या सेवेचाच भाग व्हावा असे समितीने सुचविले. त्याच काळात प्राध्यापक बी. पी. अडारकर यांनी कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना तयार केली. तिचा अहवाल १९४४ चा आहे. दोघांचा विषय जवळजवळ एकच, आणि दोघांची फळे एकाच वर्षी हाती आली. १९४८ साली कामगार राज्य विमा कायदा झाला आणि १९४८ सालीच नवा फॅक्टरी कायदाही झाला.

आणि येथेच वाट दुभंगली. फॅक्टरी कायद्याची अंमलबजावणी कामगार खात्याकडे गेली. विमा योजनेच्या दवाखान्यांचा कारभार आपल्या राज्यात आरोग्य खात्याकडे राहिला. योजना १९५२ साली कानपूर आणि दिल्ली येथे सुरू झाली, १९५४ साली नागपूर आणि मुंबईला आली. इन्स्पेक्टरने यंत्र पाहावे, विमा डॉक्टराने माणूस पाहावा, अशी वाटणी झाली. भोर समितीने जे गुंफावयास सांगितले होते ते दोन खात्यांत विभागले गेले.

१९४८ च्या फॅक्टरी कायद्यात या दोहोंना जोडणारा एक पूल ठेवलेला होता. ८९ व्या कलमाने असे सांगितले होते, की अनुसूचीतील रोग झालेला कारखान्याचा कामगार कोणत्याही डॉक्टराने तपासला, तर त्याने विलंब न लावता मुख्य इन्स्पेक्टरला लेखी कळवावे. न कळविल्यास दंड. सरकारी सर्जनने निदान खरे ठरविले तर कळविणाऱ्या डॉक्टराला फी मिळावी, आणि ती फी कारखान्याच्या चालकाकडून जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल व्हावी, इतका बारीक विचार त्यात केलेला होता. पूल कागदावर भक्कम होता, पण त्यावरून रहदारी फार थोडी झाली. कारण उघड आहे. गल्लीतल्या डॉक्टराला अनुसूची शिकविलेली नव्हती. कळविले तर रोगी नोकरीस मुकेल अशी त्याला भीती वाटे. कारखान्याचा डॉक्टर कारखान्याचाच नोकर, त्याला आपल्या धन्याविरुद्ध लिहिणे जड जाई. आणि कामगार स्वतःच विनवी की साहेब, हे कोठे लिहू नका. या भीतीला हसण्याचे कारण नाही. ज्या घरात एकच पगार येतो त्या घरात रोगाच्या नावापेक्षा नोकरीचे नाव मोठे असते.

या कोंडीतून वाट काढण्याचे काम कायद्यापेक्षा पेशाच्या मंडळांनी अधिक केले आहे. कारखान्यांच्या डॉक्टरांनी १९४८ साली औद्योगिक वैद्यकाच्या अभ्यासासाठी आपली संस्था काढली. आज ती भारतीय व्यवसाय-आरोग्य संघटना या अर्थाच्या नावाने, प्रादेशिक शाखांसह चालते. मुंबईला शीव येथे केंद्रीय श्रमसंस्था उभी राहिली. १९६६ च्या ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली, आणि त्याच वर्षी अहमदाबादला सुरू झालेली संशोधन संस्था पुढे राष्ट्रीय व्यवसाय-आरोग्य संस्था झाली. एकट्या कारखान्यात बसलेल्या डॉक्टराला शेजारच्या कारखान्यातला डॉक्टर भेटू लागला. मालकाविरुद्ध एकट्याने लिहिणे कठीण. पण आपल्या भागात अमुक खात्यात काम करणाऱ्यांचे कान कमी होत आहेत, असे दहाजणांनी मिळून, कोणाचे नाव न घेता सांगणे शक्य असते. मंडळाचे बळ ते हेच.

तरीही मंडळे आपापल्या पेशापुरती राहिली तर काय होते, हे मुंबईच्या गिरण्यांनी दाखविले. कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस हा छातीचा रोग आहे. त्याची खूण अशी, की सुट्टीनंतर कामावर गेलेल्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होते, आणि आठवड्याच्या पुढील दिवसांत ती थोडी सैल पडते. ज्याला हे ठाऊक आहे तोच हा प्रश्न विचारतो. ज्याला ठाऊक नाही तो दमा किंवा विडीचा खोकला असे लिहून मोकळा होतो. लँकेशायरमध्ये रिचर्ड शिलिंग यांनी १९५० च्या दशकात या रोगाच्या पायऱ्या ठरवून दिल्या. मुंबईत के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. कामत आणि त्यांचे सहकारी यांनी पुढे गिरणीकामगारांचा असा अभ्यास केला. म्हणजे शास्त्र हाताशी होते. पण शास्त्राच्या नियतकालिकापासून विमा दवाखान्याच्या मेजापर्यंतचे अंतर कापले गेले नाही. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला, आणि त्यानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली. भरपाई मागावयाची तर अमुक वर्षे अमुक खात्यात धुळीत काम केले याचा पुरावा हवा; गिरणी बंद, दप्तर गहाळ, आणि छाती मात्र तशीच. तेव्हा मुंबईत काही डॉक्टर आणि कामगार चळवळीतील कार्यकर्ते एकत्र बसले, फुंकून श्वास मोजण्याची साधने घेऊन त्यांनी कामगार तपासले, आणि भरपाईचे दावे विमा महामंडळापुढे नेले. डॉक्टराने निदान करावे, कार्यकर्त्याने कामाचा इतिहास जुळवावा, अशी ती वाटणी होती. काहींना न्याय मिळाला, पुष्कळांना वेळेअभावी मिळाला नाही.

दप्तर टिकले पाहिजे हा धडा सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी कायम केला. अहमदाबादच्या ग्राहक शिक्षण आणि संशोधन केंद्राने अ‍ॅस्बेस्टॉसच्या कामगारांसाठी केलेल्या अर्जावर तो निकाल होता. कामगाराच्या आरोग्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असे न्यायालयाने म्हटले. आणि अशा कामगाराच्या प्रकृतीची नोंद नोकरीच्या आरंभापासून चाळीस वर्षे किंवा नोकरी सुटल्यापासून पंधरा वर्षे, यांत जो काळ उशिरा संपेल तोवर जपून ठेवावी असा आदेश दिला. त्याआधी, १९८४ च्या डिसेंबरातील भोपाळच्या भयानक रात्रीनंतर, १९८७ साली फॅक्टरी कायद्यात दुरुस्ती होऊन धोक्याच्या प्रक्रियेची माहिती कामगारांना, परिसरातील लोकांना आणि स्थानिक अधिकाऱ्यांना देणे बंधनकारक झाले होते. भोपाळच्या डॉक्टरांपुढे हजारो माणसे तडफडत असताना कोणता वायू सुटला आणि त्यावर काय द्यावे हे त्यांना खात्रीने सांगणारा कोणी नव्हता. कारखाना आणि गाव यांमधल्या अबोल्याची एवढी मोठी किंमत दुसऱ्या कोठे मोजली गेली नसेल.

आता आपल्या जिल्ह्याचा विचार करून हे लांबलेले पुराण आवरतो. २०२० साली संसदेने व्यवसाय-सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता संमत केली आणि २०२५ च्या नोव्हेंबरात ती अमलात आली; १९४८ च्या फॅक्टरी कायद्याची जागा तिने घेतली. रोग कळविण्याचे डॉक्टरांवरील बंधन तिच्यात आहे, वार्षिक मोफत तपासणीचीही तरतूद आहे. पण कारखाना कोणाला म्हणावयाचे याची मर्यादा वाढली आहे. पूर्वी विजेवर चालणाऱ्या ठिकाणी दहा कामगार असले की तो कारखाना होई, आता वीस लागतात. विजेविना चालणाऱ्या ठिकाणी वीसांऐवजी चाळीस. मालेगावच्या छोट्या शेडमध्ये किती माणसे असतात हे आपणांस ठाऊक आहे. सिन्नरच्या बाईची विडी तर घराच्या ओसरीवर वळली जाते. तंबाखूची धूळ आणि मांडीवरचे मूल एकाच जागी असतात. द्राक्षबागेला भिंतच नाही. या लोकांचा कारखान्याचा डॉक्टर कोण? त्यांच्या गल्लीतला दवाखानेवालाच. त्याने विचारले तर कळेल; त्याने न विचारले तर कोणालाच कळणार नाही.

म्हणून नाशिकमध्ये जी मंडळे आहेत, डॉक्टरांची, कारखानदारांची, सुरक्षा अधिकाऱ्यांची, कामगारांची, त्यांनी एकमेकांशी बोलण्याची काही साधी रीत पाडली पाहिजे. आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आपल्याच शहरात आहे; त्याची मदत का घेऊ नये? पहिली गोष्ट, प्रत्येक दवाखान्याच्या केसपेपरवर एक ओळ असावी: काम कोणते, किती वर्षे, आधी कोणते होते. रामाझ्झिनीच्या प्रश्नाला तीनशे वर्षे झाली; ती ओळ छापावयास पैसा लागत नाही. दुसरी, महिन्या दोन महिन्यांनी या सर्व पेशांची एक बैठक व्हावी, आणि ती पाळीपाळीने नाशिक, सिन्नर, मालेगाव, निफाड अशी फिरावी. कारण नाशिकच्या सभागृहात मालेगावचा डॉक्टर येत नाही. तिसरी, भाषा. अहवाल इंग्रजीत लिहिले जातात. कामगार मराठीत, अहिराणीत, उर्दूत सांगतो. छाती भरून येते, कानात गुणगुण होते, हाताला मुंग्या येतात, या बोलांचा नीट कोश प्रत्येक तपासणाऱ्याच्या हाती हवा. चौथी गोष्ट सर्वांत नाजूक आहे. बैठकीत आकडे यावेत, नावे येऊ नयेत. कोणत्या प्रकारच्या कामात किती जणांना काय होते एवढे सांगितले की इन्स्पेक्टरला कोठे पाहावे हे कळते, आणि कोणाची नोकरीही जात नाही. कायद्याने नावानिशी कळविणे जेथे भाग आहे तेथे ते कळवावेच. परंतु बैठकीचा विश्वास गुप्ततेवर उभा राहील. आणि शेवटची गोष्ट, ज्याने कळविले त्याला उत्तर गेले पाहिजे. धूळ मोजली, पंखा बसविला, किंवा काही आढळले नाही, जे असेल ते चार ओळींत.

या सूचनांत नवे काही नाही. बार्न्सबाईंचा अहवाल, लेग्ग यांची उत्तरे, भोर समितीची गुंफण यांतूनच त्या आल्या आहेत. यंत्रे बदलली, कायदे बदलले; कामगाराचे दुखणे मात्र अजून पाच दप्तरांत वाटलेले आहे. मुंबईच्या गिरण्यांत बेरीज झाली ती गिरण्या बंद पडल्यावर. नाशिकचे कारखाने, माग आणि बागा आज चालू आहेत. माणसे कामावर आहेत, त्यांचे डॉक्टर गावात आहेत, आणि कागद अजून गहाळ झालेले नाहीत. बेरीज करण्याची वेळ हीच आहे.